बुधवारच्या सभेत इस्त्री बोलली

समोर तिला सगळे मावशी म्हणत आणि मागे इस्त्री. सव्वीस वर्षं ती मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत होती, त्यामुळे हे नाव कामावरून पडलं असावं असं नव्या माणसाला वाटे. पण इस्त्री करायला तिथे दुसऱ्याच दोघी होत्या. ही धुवायची आणि घड्या घालायची. नाव पडलं होतं स्वभावावरून. कुणाच्या बोलण्यात एवढीशी सुरकुती दिसली तरी ती काढल्याशिवाय हिला चैन पडत नसे, आणि काढताना समोरच्याला चटका बसला तर बसला. ‘इस्त्रीशी वाद घालू नये, मान ताठ होते,’ असं स्टोअरकीपर म्हणायचा. त्याची दोनदा झाली होती.

लाँड्री तळघरात होती. खिडक्या उंचावर, रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे बाहेरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. आत धुलाईची दोन मोठी पिंपं, पिळायचं मशीन, घड्या घालायला पत्रा ठोकलेलं लांबलचक टेबल आणि मागच्या खोलीत बॉयलर. बॉयलर सांभाळणाऱ्या काकांनी भिंतीवरच्या फळीवर एक जुना रेडिओ बसवला होता. तो घसरू नये म्हणून वॉर्डातल्या बँडेजपट्टीने बांधलेला. त्याचं केंद्र बदलायचं बटण केव्हाच तुटलं होतं. एक केंद्र लागलं होतं ते लागलं होतं.

त्या केंद्रावर दर बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ सायंसभा असे. आधी तासभर शास्त्रीय संगीत, मग पंधरा मिनिटांचं एखादं भाषण, मग पुन्हा संगीत. सगळं तिथल्या तिथे, थेट. सहाला मशीनं बंद होत आणि आठपर्यंत नुसत्या घड्यांचं काम उरे. नोकरीला लागल्यावर पहिल्याच बुधवारी तिने विचारलं होतं, “काका, ह्या माणसाचं पोट दुखतंय का?”

काका हसले नाहीत. म्हणाले, “दोन चादरींच्या घड्या होईपर्यंत ऐक. नाही आवडलं तर बंद कर.”

दोन झाल्या, वीस झाल्या. गाणारा अजून एकाच जागेभोवती फिरत होता. दोर पुरतो की नाही याचा अंदाज घेत घेत विहिरीत घागर सोडावी, तसा. शेवटी घागर पाण्याला लागली, तेव्हा तिच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन तशीच राहिली.

पुढे सव्वीस वर्षांत तिने बुधवार चुकवला तो दोनदाच. एकदा बाळंतपणात आणि एकदा सासरे गेले तेव्हा. रागाचं नाव तिला कधी सांगता आलं नाही. स्टोअरकीपर टोमणा मारायचा, “मावशी, गाढवाला गुळाची चव काय!” त्यावर ती म्हणायची, “पाठीवर कोण वाहतं रे गूळ? त्यालाच विचार की.” आणि कुणी खरंच विचारलं, की हे तुला समजतं का, तर म्हणायची, “समजत नाही. चुकलं की मात्र कळतं.” ते खोटं नव्हतं. एकदा एका नामांकित व्हायोलिनवाल्याचं बोट कणभर घसरलं आणि टेबलाच्या दोन टोकांना काका आणि ती, दोघांनी एकदमच मान वर केली. त्या दिवसापासून काका तिला आपल्या डब्यातलं आधी वाढायला लागले.

काका निवृत्त झाले. जाताना रेडिओ ठेवून गेले. त्यांची जागा भरली नाही, आणि माणसाविना सोडलेल्या जनावरासारखा बॉयलर वर्षभरात बसला. वर कळवलं, वरून ‘पाहतो’ असं उत्तर आलं. चादरी गार पाण्यात पडू लागल्या. रक्ताचे, पुवाचे डाग पावडर चोळून पुसट करायचे आणि उन्हात टाकायचं, एवढंच हातात उरलं. वरून गाठोडी यायची ती घाईघाईत बांधलेली. त्यात कापूस निघे, चमचे निघत, एकदा एका आजोबांची कवळी निघाली. सुयाही निघत.

लाँड्रीत एक हडकुळी, बोलघेवडी बाई होती; तिला सगळे चिमणी म्हणत. थंडीच्या दिवसांत तिच्या तळहातात सुई शिरली. तिने हात नळाखाली धरला, दोन शिव्या हासडल्या आणि पुन्हा कामाला लागली. दीड महिन्याने तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ. तीन महिने ती अंथरुणाला खिळली. परत आली तेव्हा कपडे तिच्या अंगावर दोरीवर टाकल्यासारखे लोंबत होते आणि चिवचिव बंद झाली होती. जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून बसायची.

बॉयलर बंद पडून आठ महिने झाले असतील. बुधवार होता. संगीताचा पहिला भाग संपला आणि निवेदिकेने सांगितलं, आजचे वक्ते शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचे अधीक्षक, विषय ‘आरोग्य आणि स्वच्छता’. टेबलाभोवतीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आपलेच मोठे साहेब! साहेबांचा आवाज रेडिओवर भारदस्त वाटत होता. ते म्हणाले, “आमच्याकडची एकेक चादर उकळत्या पाण्यातून निघते. आईने बाळाचे कपडे धुवावेत, इतक्या काळजीने.”

चिमणी हसली. परत आल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि ते हसू ऐकवत नव्हतं.

मावशीने हातातल्या चादरीची घडी पूर्ण केली. मग टेबलावरचा लाँड्रीच्या यादीचा कागद उलटा केला आणि उभ्या उभ्या रेडिओ केंद्राला पत्र लिहिलं. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण अक्षर सरळ होतं. ‘तुमच्या सभेत गाणारा बेसूर झाला तर आम्हाला इथे कळतं. आज तुमचे वक्ते बेसूर झाले. मी त्याच चादरी धुते. माझंही ऐका.’

पत्राला उत्तर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आलं. केंद्रावरच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला त्यात गंमत दिसली होती. इस्पितळात चादरी धुणारी बाई शास्त्रीय संगीत ऐकते! त्याने तिला बोलावलं, चहा दिला आणि म्हणाला, “दहा मिनिटं बोला. विषय, ‘श्रमणाऱ्या हातांना संगीत काय देतं’. लिहून आणा, मी नजर टाकतो.”

तिने चार पानं लिहून नेली. अधिकाऱ्याने पेनाचं टोपण चावत तीन वाचली, मान डोलावली, आणि चौथ्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढली. “हे बॉयलर-बियलर आपल्या विषयात बसत नाही. मोठे साहेब आमच्या सल्लागार मंडळावर आहेत. उगाच कशाला? तीन पानं छान आहेत. तेवढीच वाचा.”

“बरं,” ती म्हणाली.

तिचं ‘बरं’ आजवर बाहेरच्या कुणालाही नीट वाचता आलेलं नव्हतं. घरी नवऱ्याला तेवढं वाचता येत असे. तो बसडेपोत मेकॅनिक होता, स्वभावाने थंड, ‘जाऊ दे’ हा त्याचा तकिया कलाम. त्या संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता चौथं पान पाठ करत होती, हे त्याने ऐकलं.

“रेघ मारलीय ना त्याच्यावर?” त्याने विचारलं.

“कागदावर मारलीय.”

“पोरीचा विचार कर.”

लेक त्याच इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर नर्स होती. लागून वर्ष झालं होतं, अजून कायम झाली नव्हती. मावशीने भाजीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, “तिचाच करतेय,” आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

बुधवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून स्टुडिओत गेली. खोलीला भिंतभर सच्छिद्र फळ्या, खाली जाड सतरंजी, मधे टेबल, टेबलावर मायक्रोफोन. आपलाच श्वास आपल्याला ऐकू यावा इतकी शांतता. तळघरात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला ती शांतता अंगावर आल्यासारखी झाली. समोर पांढऱ्या केसांची निवेदिका बसली होती. तिचा आवाज मावशी वीस वर्षं ओळखत होती, चेहरा आज पाहत होती. काचेपलीकडे अधिकारी उभा होता. लाल दिवा लागला.

पहिली तीन पानं तिने वाचली. पहिल्या बुधवारचं पोटदुखीचं सांगितलं तेव्हा निवेदिकेने हसू ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर रुमाल धरला. विहिरीतली घागर सांगितली. काचेपलीकडे अधिकारी खुशीत होता.

तिसरं पान संपलं. तिने कागद पालथे घातले, हात त्यांच्यावर ठेवले आणि मान वर केली.

“गेल्या महिन्यात ह्याच जागेवरून आमचे मोठे साहेब म्हणाले, की एकेक चादर उकळत्या पाण्यातून निघते. बॉयलर तेव्हा आठ महिने बंद होता, आता नववा लागलाय. चादरी गार पाण्यात धुतल्या जातात. त्या मीच धुते, म्हणून मला ठाऊक. गाठोड्यांत सुया येतात. माझ्या शेजारी काम करणाऱ्या बाईला सुई टोचली, तिला कावीळ झाली, ती मरता मरता वाचली.”

अधिकारी काचेला येऊन चिकटला. दोन बोटांची कात्री करून निवेदिकेला दाखवू लागला: तोड, तोड. निवेदिकेचा हात आवाज कमी करायच्या बटणावर होता. तिने काचेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

“ज्यांची माणसं इस्पितळात आहेत त्यांनी घाबरू नये,” मावशी म्हणाली. “घरून चादर न्यावी. आणि नेताना मोठ्या साहेबांच्या खोलीत डोकावून विचारावं, बॉयलर कधी? मी खोटं बोलत असेन तर लाँड्री तळघरात आहे, दार उघडंच असतं. पाण्यात हात घालून बघा. माझं संपलं.”

बाहेर बाकावर दुसऱ्या भागासाठी आलेले म्हातारे गवई बसले होते. आतलं त्यांना स्पीकरवर ऐकू आलं होतं. ती समोरून जाताना ते उठून उभे राहिले. “बाई,” ते म्हणाले, “तुमच्यानंतर गायला बसायचं म्हणजे आज अवघड आहे.” भिंतीला धरत धरत ती जिना उतरली.

त्याच वेळी इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर एका पेशंटच्या उशाशी रेडिओ चालू होता. भाषण संपलं तेव्हा वॉर्डातली वीस माणसं आपापल्या चादरीकडे बघत होती आणि मधोमध औषधांचा ट्रे घेऊन तिची लेक उभी होती. घरी आली ती चप्पलही न काढता.

“आई, माझी नोकरी कच्ची आहे, ठाऊक होतं ना तुला?”

“होतं.”

“तरी बोललीस?”

“तरी बोलले.”

“जगात तुलाच एकटीला खरं बोलता येतं? माझ्याकडे बघून एक बुधवार गप्प बसता आलं नाही?”

“तुझ्याकडे बघूनच बसता आलं नाही,” मावशी म्हणाली. “चिमणीच्या हातात शिरली ती सुई कुठल्या वॉर्डातून आली, मला माहीत नाही. पण उद्या तुझ्या हातात शिरेल ती कुठून आली हे मला माहीत असेल. माझ्या गप्प बसण्यातून.”

लेक आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. नवरा दोघींच्या मधल्या खुर्चीवर बसून होता. ‘जाऊ दे’ म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. बायकोकडे पाहून त्याने ते मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा-वीस नातेवाईक काखेत घरच्या चादरी घेऊन साहेबांच्या दारात उभे होते. त्यांच्यातली एक आजी थेट तळघरात उतरली, बाही सरसावून पिंपात हात घातला, बाहेर काढला आणि तसाच ओला हात घेऊन साहेबांच्या खोलीत शिरली. दुपारपर्यंत मावशीच्या हातात नोटीस पडली: सक्तीची रजा, आणि आठ दिवसांत माफीपत्र. नाहीतर पुढची कारवाई.

लेक अबोला धरून होती. शेजारपाजारचे येऊन सांगून गेले, की एक कागद तर लिहून द्यायचा, त्यात काय एवढं? मोडेल पण वाकणार नाही, असं नको. मावशी सगळ्यांना ‘बरं’ म्हणत होती.

मुदत संपायला एक दिवस उरला, तो बुधवारच होता. सव्वासहाला इस्पितळाचा हेडक्लार्क दारात आला. बिचारा घाम पुसत होता. साहेबांनी माफीपत्र टाइप करूनच पाठवलं होतं, फक्त सही घ्यायची होती. घरात रेडिओवर व्हायोलिन चाललं होतं. त्याने “मावशी, ते जरा...” म्हणायला सुरुवात केली, तशी तिने ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्चीकडे दाखवलं.

तो बसला. पाच मिनिटांनी घड्याळ बघितलं. दहा मिनिटांनी पुन्हा “मावशी...” म्हणून बघितलं, बोट पुन्हा वर गेलं. नवऱ्याने चहा आणून दिला. व्हायोलिन सावकाश, अगदी सावकाश चाललं होतं. एकेक सूर असा यायचा की आता हा शेवटचा, आणि त्याच्या पोटातून दुसरा निघायचा. क्लार्कने पाय हलवणं थांबवलं. फाईल मांडीवरून घसरून पडली ती त्याने उचलली नाही. पाऊण तास झाला.

वाजवणं थांबलं तेव्हा तो म्हणाला, “संपलं?”

“पहिला भाग संपला. आता भाषण. भाषणात बोललं तरी चालतं, बोला.”

त्याने फाईल उचलून कागद वाचला. “‘मी ऐकीव माहितीच्या आधारे केलेल्या विधानांबद्दल बिनशर्त...’”

“थांबा. ऐकीव?” तिने दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. सव्वीस वर्षांच्या पाण्याने बोटांची टोकं पांढरीफटक पडलेली, नखांच्या कडेने कातडी सोललेली. “ह्यात ऐकीव काय आहे, मला दाखवा.”

क्लार्कने हाताकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. “मावशी, मी हुकमाचा ताबेदार. सही करून टाका. शब्दांना कोण विचारतंय?”

“मी विचारतेय. दुसरा कागद आहे? लिहा. ‘पाणी गार होतं. अजून गार आहे. मी बोलले ते खरं आहे, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलेन.’ लिहिलंत? आणा, सही करते.”

“हे मी साहेबांपुढे कसं ठेवू?”

“आडवं ठेवा. ते सरळ करून वाचतील.”

तो उठला, दारात चप्पल घातली. एक पाय बाहेर टाकून अवघडल्यासारखा उभा राहिला. मग हळूच विचारलं, “दुसऱ्या भागात कोण आहे?” आणि आठ वाजेपर्यंत बसून राहिला.

कारवाई झाली. तिची वेतनवाढ अडवली आणि तिला फाटके कपडे शिवायच्या खोलीत टाकलं. मागच्या आवारातली एकटी खोली. बोलायला माणूस नाही, रेडिओ नाही. साहेबांना वाटलं, झालं. पण ज्या सकाळी ती त्या खोलीत गेली, त्याच सकाळी वरून गाठोडी आली तेव्हा लाँड्रीच्या दारात चिमणी आडवी उभी राहिली.

“उघडून झटकून दाखवा,” ती म्हणाली. “मग घेते.”

वॉर्डबॉय म्हणाला, “हे कुणी सांगितलं?”

“मी सांगते. कावीळ मला झाली होती, आणखी कुणी सांगायला पाहिजे?”

तिच्यामागे बाकीच्या सातही जणी उभ्या राहिल्या. दोन दिवस गाठोड्यांचा जिन्यापर्यंत ढीग लागला. तिसऱ्या दिवशी मेट्रन नाक धरून खाली आल्या, ओरडल्या, धमक्या दिल्या आणि शेवटी समोरच एक गाठोडं उघडलं. त्यात तीन सुया निघाल्या. त्या संध्याकाळपासून प्रत्येक वॉर्डात सुयांसाठी पत्र्याचा डबा आला आणि सिस्टरची सही असल्याशिवाय गाठोडं खाली येईनासं झालं.

बॉयलरला आणखी पाच महिने लागले. रेडिओ केंद्राकडे श्रोत्यांची पत्रं पोत्याने आली होती. अधिकाऱ्याला आणि निवेदिकेला, दोघांनाही वरून ठपका मिळाला होता. ठपका मिळालाच आहे तर आता कशाला भ्यायचं, असं म्हणून अधिकाऱ्याने ती सगळी पत्रं गठ्ठा बांधून आरोग्य खात्याकडे पाठवून दिली. तपासणी आली, मागोमाग नवा बॉयलर आला. तो सुरू करायला साहेबच आले, फोटोग्राफर घेऊन. मावशीला शिवणाच्या खोलीतून परत लाँड्रीत आणलं होतं. तिच्याइतका त्या पिंपांचा अंदाज कुणाला नव्हता. साहेब म्हणाले, “या मावशी, फोटोत या. झालं गेलं विसरून जाऊ.”

“फोटो काढा तुम्ही,” ती म्हणाली. “माझं पाणी तापलंय.” आणि पाठ करून पिंपाकडे गेली. अडवलेली वेतनवाढ तिला निवृत्त होईपर्यंत मिळाली नाही. तिने मागितली, तीनदा. माफी मात्र एकदाही नाही.

लेकीचं कायम होणं सहा महिने लांबलं. तेवढे महिने घरात मायलेकींचं कामापुरतंच बोलणं होतं: दूध आलं का, किल्ली कुठेय. मग एका संध्याकाळी लेक ड्यूटीवरून आली, हात धुतले आणि ताटावर बसता बसता म्हणाली, “आज एका डॉक्टरांना जिना परत चढायला लावला.”

मावशी वाढता वाढता थांबली.

“सुई चादरीत टाकून निघाले होते. मी हाक मारली. म्हणाले, तूच उचल. मी म्हटलं, तुमची आहे, तुम्ही उचला. सगळा वॉर्ड बघत होता.”

“ओरडले?”

“खूप.”

“मग?”

“मग उचलली. डब्यात टाकली.” लेकीने ताट पुढे सरकवलं. “वाढ ना, भूक लागलीय.”

मावशीने वाढलं. रोजच्यापेक्षा एक डाव जास्तच वाढलं, आणि लेक ‘पुरे’ म्हणाली नाही.